सातवा स्लॉट : एका वाडीच्या बीजीएमआय स्पर्धेचं प्रकरण

मालवण आणि आचरा यांच्या मधल्या किनाऱ्यावर आमचं गाव आहे. मे महिन्यात चाकरमानी आले की इथे अंडरआर्म क्रिकेटच्या स्पर्धा होतात. यंदा मंडळाने त्या जोडीला पहिल्यांदाच बीजीएमआयची, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया या फोनवरच्या गोळीबाराच्या गेमची (शेवटपर्यंत टिकेल ती टीम पहिली) स्पर्धा ठेवली, आणि त्या एका रविवारात आम्ही एका निर्दोष मुलाला चीटर ठरवून बाहेर काढलं. खरी लबाडी त्याच दिवशी, आम्हीच चालवत असलेल्या यूट्यूब लाईव्हच्या आधाराने होत होती. पाच जणांच्या समितीत मी होतो आणि नियमावली मीच लिहिली होती.

त्यानंतर कुडाळ आणि देवगडकडच्या काही मंडळांनी आमच्याकडे सुधारलेली नियमावली मागितली. ती मी दिली, पण नुसत्या कागदावरून कुठला नियम कशामुळे आला ते कळत नाही. म्हणून सगळं प्रकरण लिहितो आहे. मुलांची आणि वाड्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. टीमना स्लॉटच्या, म्हणजे गेममध्ये प्रत्येक टीमला दिलेल्या जागेच्या, नंबरानेच ओळखू.

स्पर्धेची मांडणी

१६ टीम, प्रत्येकी चौघे, सगळे १८ वर्षांवरचे. कस्टम रूममध्ये, म्हणजे फक्त आम्ही बोलावलेल्यांनाच येता येईल अशा खाजगी मॅचच्या सोयीत, सहा मॅच. पहिल्या नंबराला १० गुण आणि प्रत्येक किलला १. प्रवेश फी नव्हती. पहिलं बक्षीस ११ हजार रुपये आणि चषक.

सगळ्यांना देवळाच्या सभामंडपात एकत्र बसवायचं असं आधी ठरलं होतं. आदल्या दिवशी चाचणी घेतली तर एका टॉवरवर ६४ फोन चालेनात, पिंग, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यातला उशीर, ३०० मिलिसेकंदांच्या वर जायला लागला. मग ज्याला जिथे रेंज मिळेल तिथून त्याने खेळावं असं सांगितलं. कोणी घरी बसलं, कोणी सड्यावर, कोणी बंदराच्या धक्क्यावर. खेळाडू नजरेआड गेले की त्यांच्यावर लक्ष ठेवायची दुसरी काहीतरी व्यवस्था लागते. आमची व्यवस्था एका ओळीची होती : 'प्रत्येकाने आपलं स्क्रीन रेकॉर्डिंग ठेवावं.' खेळणारे याला पीओव्ही म्हणतात. साध्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं की फोन तापतो आणि गेम अडकायला लागतो, हे मला ठाऊक होतं. तरी ती ओळ लिहून मी मोकळा झालो.

सभामंडपात प्रोजेक्टर लावला होता. गावातलीच, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी ऑब्झर्व्हर होती. मॅचमध्ये न खेळता कॅमेरा एका टीमवरून दुसऱ्या टीमवर फिरवत राहायचं, हे तिचं काम. तिचा पडदा यूट्यूबवर लाईव्ह जायचा आणि तोच मंडपात दिसायचा. यूट्यूबवर लाईव्ह मुद्दाम ३० किंवा ६० सेकंद मागे ठेवता येतं. मोठ्या स्पर्धांत ते काही मिनिटं मागे असतं, म्हणजे चालू मॅच बघून कोणाला प्रतिस्पर्ध्याची जागा कळू नये. मी ६० सेकंदांचा डिले लावला होता. पण पहिल्या मॅचला मंडपाबाहेर पारावर बसून खेळणारी पोरं 'गेलो, गेलो' ओरडायची आणि आतल्या लोकांना ते मिनिटाने दिसायचं. बाकांवरचे बुजुर्ग वैतागले. दुसऱ्या मॅचच्या आधी मी डिले काढून टाकला. कोणालाही विचारलं नाही. पडदा आता जेमतेम पाच-सहा सेकंद मागे होता.

दुसरी मॅच

नकाशा एरांगल. खेळायला उरलेला भाग, म्हणजे झोन, आकसत जातो, तसे शेवटचे काही झोन त्या नकाशातल्या पोचिंकी गावावर आले. सातव्या स्लॉटची टीम खालच्या वाडीतली, म्हणजे रापणीवर जाणाऱ्या घरांतली मुलं. त्यांचे तिघे पडले होते. उरलेला एकटा एका दुमजली घरात शिरला, जिन्यावर थांबला, वरच्या कोपऱ्यात ग्रेनेड टाकला आणि दार उघडता उघडता दोघांना पाडलं. ते दोघे बाराव्या स्लॉटचे होते. बारावा स्लॉट वरच्या वाडीचा : दोघे गावातले, दोघे डोंबिवलीहून सुट्टीला आलेले.

मंडपात टाळ्या पडल्या. दहा मिनिटांत त्या क्षणाची चौदा सेकंदांची क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागली : 'भिंतीपलीकडचं दिसतंय याला. ईएसपी.'

ईएसपी म्हणजे काय ते सांगायला हवं. आसपासचे खेळाडू वेळेवर दिसावेत आणि त्यांच्या पावलांचा आवाज यावा म्हणून गेमला त्यांच्या जागा तुमच्या फोनला आधीच कळवाव्या लागतात. ईएसपीचं हॅक ती फोनमध्ये आलेली माहिती चोरून वाचतं आणि भिंतीआडच्या माणसाभोवती चौकट काढून दाखवतं. नेम आपोआप लावणाऱ्या एमबॉटमुळे निदान बंदुकीची हालचाल विचित्र दिसते. ईएसपीवाल्याच्या हातात तसं काही दिसत नाही. तो फक्त योग्य वेळी योग्य दिशेला बघत असतो. मुरलेला खेळाडूही तेच करतो.

आणि ती क्लिप ऑब्झर्व्हरच्या पडद्यावरची होती. त्या पडद्यावर प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर त्याचं नाव आणि टीमचा नंबर दिसतो, माणूस भिंतीआड असला तरी. खेळणाऱ्याला यातलं काही दिसत नसतं. प्रेक्षकाला मात्र वाटतं, समोर नाव दिसतंय आणि हा बरोबर तिकडेच बंदूक धरून आहे. मंडपातल्या दोनशे माणसांना वरच्या मजल्यावरचे दोघे दिसत होते, म्हणून त्यालाही दिसत असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. हे त्या दुपारी कोणी बोललं असतं तर पुढचं बहुतेक टळलं असतं. मीसुद्धा बोललो नाही.

ग्रुपवर कोणीतरी 'वर्ड डॉट ईएक्सई' असं लिहिलं आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. हे शब्द भारतातल्या गेमरना पाठ आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायच्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत ऑप्टिक इंडिया टीमचा काउंटर-स्ट्राईक (कॉम्प्युटरवरचा गोळीबाराचा गेम) खेळाडू निखिल कुमावत, गेममधलं नाव फॉरसेकन, चालू सामन्यात पकडला गेला. त्याच्या कॉम्प्युटरवर नेम लावून देणारा प्रोग्राम त्या नावाने लपवलेला होता. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली आणि ऑप्टिकने ती टीमच बंद केली. बाकीच्या चौघांनी काही केलं नव्हतं. तिथे मात्र स्पर्धेचे अधिकारी खेळाडूच्या खुर्चीपाशी उभे होते आणि प्रोग्राम त्यांनी डोळ्यांनी पाहिला. आमच्याकडे चौदा सेकंद होती आणि एक गाजलेलं नाव, जे कोणालाही चिकटवता येत होतं.

जेवणाची सुट्टी

तिसरी मॅच झाली. दुसऱ्या मॅचनंतरच सातवा स्लॉट गुणांत पहिला होता. जेवणाच्या सुट्टीत बाराव्या स्लॉटची मुलं आणि त्यांचे दोन काका समितीसमोर आले. प्रोजेक्टरचं भाडं त्यातल्या एका काकांनी दिलं होतं. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, पण आम्हा पाचही जणांना माहीत होतं. असल्या प्रकरणात वर्गणीचा विषय लोक गाळतात. मी गाळणार नाही, कारण त्याचं ओझं त्या खोलीत होतं.

मुलाला बोलावलं. पीओव्ही मागितलं. त्याच्याकडे नव्हतं, फोन बहिणीचा, मेमरी भरलेली. त्याने फोन समोर ठेवला. "बघा तुमका काय बघूचा हा ता," एवढंच म्हणाला.

फोन तपासायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात कम्प्युटर क्लास मी चालवतो. दहा मिनिटं सगळं चाळलं. गेमवर तरंगणारी एक लहान पट्टी सापडली, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "हेच ते!" ती फोनसोबत कंपनीकडूनच येणारी गेम मोडची पट्टी होती. नोटिफिकेशन बंद करायची, ब्राईटनेस कमी-जास्त करायची. मला ते कळलं होतं. "ही फोनचीच असते बहुतेक," असं मी म्हणालो. त्या 'बहुतेक'चं मला अजून वाईट वाटतं. मला खात्री होती. समोर चाळीस माणसं तापलेली होती आणि मी एक शब्द मवाळ करून बाजूला झालो.

तेवढ्यात एका आजोबांनी सुचवलं की मुलाला देवासमोर नारळ ठेवून खरं काय ते सांगू दे. गावात जमिनीचे, बोटीच्या हिश्श्याचे वाद असे सुटलेले आहेत, त्यामुळे सूचनेला कोणी हसलं नाही. मुलगा लगेच म्हणाला, "माका चलात. पण तेंकाव हाडा." आरोप करणाऱ्यांनाही आणा, असं त्याचं म्हणणं. वरच्या वाडीकडून त्यावर काहीच उत्तर आलं नाही. अध्यक्षांनी देवाला मध्ये घ्यायला नको म्हणून विषय बंद केला. मी तेव्हा मान हलवली, कारण हॅक आहे की नाही हे शपथेवर ठरवायचं नसतं असं माझं मत होतं आणि आजही आहे. पण त्या सबंध दुपारी दोन्ही बाजूंना एकाच पायरीवर उभं करायची मागणी फक्त त्या मुलाने केली होती, हे मला नंतर उमगलं.

रेकॉर्डिंग नाही म्हणजे नियमभंग, एवढ्या आधारावर चार विरुद्ध एक मताने सातवा स्लॉट बाद झाला. विरोधातलं मत आमच्या शाळेच्या गुरुजींचं. बाकी पंधरा टीममधल्या किती जणांकडे रेकॉर्डिंग आहे, हे आम्ही त्या दिवशी विचारलंच नाही. नंतर विचारलं, तेव्हा ६४ पैकी ९ जणांकडे निघालं.

बारावा स्लॉट स्पर्धा जिंकला. सोमवारी रात्रीच्या गाडीने चषक डोंबिवलीला गेला.

ऑब्झर्व्हरची वही

निकाल लागला त्या रात्री ऑब्झर्व्हर मुलगी माझ्याकडे आली. तिचं म्हणणं वेगळंच होतं. "सर, मी कॅमेरा ज्या टीमवर ठेवायची, तिथून बारावा स्लॉट वळायचा. मला खेळतानाच चमत्कारिक वाटलं."

पुढचे चार दिवस तिने सगळ्या मॅचचं रेकॉर्डिंग थांबवत थांबवत पाहिलं आणि वहीत तीन रकाने केले : वेळ, कॅमेरा कोणावर, त्यानंतर बाराव्या स्लॉटने काय केलं. तिसऱ्या मॅचपासून सहाव्यापर्यंत बाराव्या स्लॉटच्या वाटेवर दबा धरून बसलेली टीम पडद्यावर दिसली, असे चौदा प्रसंग तिला सापडले. त्यातल्या अकरा वेळा त्यांनी वीस सेकंदांच्या आत गाडी वळवली किंवा उतरून वळसा घेतला. पहिल्या दोन मॅचमध्ये असं काही नव्हतं.

अकरा प्रसंग म्हणजेही पुरावा नव्हे. चांगली टीम अंदाजाने वळसा घेते, हे एका मुलाचं वाटोळं करून आम्ही नुकतंच शिकलो होतो. प्रकरण पक्कं केलं ते वळवाच्या पावसाने. पाचव्या मॅचच्या मध्यावर गडगडाट झाला आणि वीज गेली. मंडपवाल्याने जनरेटर सुरू करून राऊटर परत जोडेपर्यंत नऊ मिनिटं गेली. तेवढा वेळ लाईव्ह बंद होतं, पण मॅच चालू होती आणि ऑब्झर्व्हरच्या फोनवर रेकॉर्ड होत होती. त्या नऊ मिनिटांत बाराव्या स्लॉटच्या वाटेत दोन टीम दबा धरून होत्या. दोन्ही वेळा ते सरळ त्यांच्या तोंडात गेले आणि तीन जण गमावले. लाईव्ह परत लागल्यावर उरलेला एकटा पुन्हा अचूक वळसे घ्यायला लागला.

लाईव्ह असताना एक वागणं, नसताना दुसरं. आम्हाला मुद्दाम प्रयोग करायचा असता तरी इतका नेटका जमला नसता.

सातव्या स्लॉटची क्लिपही पुन्हा तपासायची ठरली, या वेळी वेगळ्या रीतीने. काउंटर-स्ट्राईकमध्ये तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१३ मध्ये ओव्हरवॉच नावाची पद्धत आणली होती. तक्रार आलेल्या सामन्याचं रेकॉर्डिंग अनुभवी खेळाडूंना दाखवायचे आणि त्यात आरोपीचं नाव लपवलेलं असायचं. आमच्या जेवणाच्या सुट्टीत नेमकं हेच उलटं झालं होतं. मुलगा कोणाचा आणि वाडी कुठली हे सगळ्यांना माहीत होतं. मुलीने रेकॉर्डिंगमधली सगळी नावं आणि नंबर झाकले, आवाज तसाच ठेवला आणि कणकवली व कुडाळच्या तीन जुन्या खेळाडूंना पाठवलं. त्यात पोचिंकीचा प्रसंग होता आणि इतर टीमचे पाच प्रसंग मिसळले होते. तिघांनीही पोचिंकीचा प्रसंग स्वच्छ ठरवला. एकाने लिहून पाठवलं : वरच्या मजल्यावरचा माणूस ग्रेनेडच्या आधी दोनदा चालला आहे, पावलं स्पष्ट ऐकू येतात. गेममध्ये कोपऱ्यातल्या लहान नकाशावर पावलांच्या खुणाही उमटतात. मुलगा जिन्यावर थांबला होता तो ऐकण्यासाठी.

कबुली

डोंबिवलीच्या दोघांना फोन केला तेव्हा अध्यक्ष सोबत होते. वहीतले वेळ वाचून दाखवले. पहिला गप्प राहिला. दुसऱ्याने थोड्या वेळाने सांगितलं की त्याचा मावसभाऊ मुंबईत लाईव्ह बघत कॉलवर होता आणि कोण कुठे आहे ते सांगत होता. कधीपासून? तिसऱ्या मॅचपासून.

का, असं विचारल्यावर तो जे म्हणाला ते मी त्याच रात्री लिहून ठेवलं : "तो हॅक वापरतो असं सगळं गाव म्हणत होतं. मग आम्ही नुसतं यूट्यूब बघितलं तर काय झालं?"

हे पळवाटीचं उत्तर आहे असं समितीतल्या इतरांना वाटलं. मला ते खरं वाटतं, आणि या सबंध प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचं तेच वाटतं. ही मुलं सकाळी लबाडी करायला बसली नव्हती. पहिल्या दोन मॅच त्यांच्या स्वच्छ आहेत. समोरचा लबाड आहे अशी एकदा खात्री झाली की आपली लबाडी भरपाई वाटायला लागते. खोट्या आरोपाने एका घरचं नुकसान केलं आणि दुसऱ्या घरी खरी लबाडी उभी केली. तो आरोप ग्रुपवर तासभर वाढू देणारे आम्हीच.

त्यांचा दुसरा मुद्दाही टाळता येत नव्हता. नियमावलीत हॅक, इम्युलेटर (फोनचा गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) आणि दोन टीमची मिलीभगत यांना बंदी होती. लाईव्ह बघण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, क्रिकेटमध्ये पंचाच्या मागे उभं राहून खुणा करायच्या नाहीत हेही कुठे लिहिलेलं नसतं. मला ते पटलं, पण शिक्षा ठरवताना आमची चूक मोजायलाच हवी होती. २०२० मध्ये काउंटर-स्ट्राईकच्या ३७ प्रशिक्षकांवर ईस्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशनने कारवाई केली, ते प्रकरण याच जातीचं. गेममधल्या एका दोषामुळे प्रशिक्षकांना प्रतिस्पर्ध्यांच्या जागा दिसत होत्या. दोष त्यांनी घडवला नव्हता, पण दिसल्यावर काहींनी त्याचा फायदा घेतला. तिथे सगळ्यांना एकच माप लावलं नाही. किती वापर केला यावर शिक्षा ठरली आणि कबुली देणाऱ्याला सूट मिळाली.

आम्ही ठरवलं ते असं. कॉलवर असलेल्या दोघांना आमच्या स्पर्धांत एक वर्ष बंदी. गावातल्या दोघांना कॉलची कल्पना नव्हती असं तपासात दिसलं, त्यांना बंदी नाही. टीमचा निकाल मात्र चौघांचाही गेला. नावं ग्रुपवर टाकायची नाहीत. बक्षिसाचे ११ हजार एका मुलाच्या वडिलांनी त्याच दिवशी यूपीआयने परत पाठवले आणि फोनवर माफी मागितली.

विजेता कोण, यावर समिती फुटली. गुरुजींचं म्हणणं, दोन स्वच्छ मॅचमध्ये सातवा स्लॉट पहिला होता, त्यांना द्या. मला शेवटच्या चार मॅच पुन्हा हव्या होत्या, पण निम्मी मुलं मुंबईला परतली होती. शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी विजेता नाही असं ठरलं आणि रक्कम गणपतीनंतरच्या स्पर्धेकडे गेली. मी या निर्णयाच्या विरोधात होतो आणि अजूनही तो मला अर्धवट वाटतो. सातव्या स्लॉटच्या हातात त्याने काहीच पडलं नाही.

माफीबाबत मात्र मतभेद नव्हता. जिथे बाद केलं तिथेच, सभामंडपात, त्याच माईकवरून अध्यक्षांनी त्या टीमची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागितली. मुलाचे वडील आले होते. ते मागच्या खांबापाशी उभे होते आणि माईक बंद झाल्यावर लगेच गेले. फोनच्या पट्टीबद्दलचं मी माझ्या तोंडाने सांगितलं.

आताचे नियम

लाईव्ह पाच मिनिटं मागे असतं आणि मंडपातल्या पडद्यासाठी यूट्यूब न वापरता ऑब्झर्व्हरच्या फोनची थेट वायर जाते. तिथे बसणाऱ्याने फोन दारात ठेवायचा. तक्रार मॅच संपल्यापासून अर्ध्या तासात समितीकडे लेखी द्यायची. क्लिप आधी ग्रुपवर टाकली तर तक्रार करणाऱ्याचेच गुण कापले जातात, आणि हा नियम आम्ही सर्वांत कडक पाळतो. तपासायची क्लिप नावं झाकून तालुक्याबाहेरच्या तिघांकडे जाते. रेकॉर्डिंग सगळ्यांकडून मागत नाही. दर मॅचनंतर चिठ्ठी टाकून दोन टीम निवडतो, त्यांनी पुढच्या मॅचला हातांवर दुसऱ्या फोनचा कॅमेरा लावायचा, आणि तो फोन मंडळ पुरवतं. बक्षीस आठ दिवसांनी मिळतं. ज्यांचा पैसा लागला आहे त्यांच्या घरचं कोणी खेळत असेल तर त्या तक्रारीत समितीने मत द्यायचं नाही, सगळं बाहेरच्या तिघांवर सोडायचं.

गणपतीनंतरच्या स्पर्धेसाठी मी त्या मुलाला भेटायला बंदरावर गेलो. तो जाळं सोडवत होता. नियम वाचून दाखवले, त्याने नीट ऐकले, हँडकॅमचा नियम चांगला आहे म्हणाला. खेळणार का विचारलं, तर हातातली गाठ सुटेपर्यंत बोलला नाही.

"आता चांगलो खेळलंय तरी लोक तसाच म्हणतले," तो म्हणाला. "आणि वायट खेळलंय तर म्हणतले, बघा, आता हॅक नाय म्हणान."

सातवा स्लॉट आम्ही फॉर्म बंद व्हायच्या दिवशी रात्री बारापर्यंत रिकामा ठेवला होता. मग तो आचऱ्याच्या एका टीमला दिला.